दोन लाठ्या, एक सतरंजी

मुलींची संघटना समाजसेवा करते म्हणजे नेमकं काय करते ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा प्रभातफेरी, हातात झाडू आणि रोप लावतानाचा फोटो एवढंच डोळ्यांपुढे आलं. कोल्हापुरातल्या एका शाळेच्या मैदानावर शनिवारी गाईड पथक बघितलं आणि तिथेच रेंगाळलो.

इतिहास छापील पुस्तिकेत मिळतो. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काऊट मेळाव्यात काही मुली न बोलावता हजर झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांची वेगळी संघटना निघाली. भारतातलं पहिलं पथक 1911 मध्ये जबलपूरला सुरू झालं, पण भारतीय मुलींना त्यात शिरायला आणखी पाच वर्षं लागली. 1951 मध्ये गाईड्स 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स'मध्ये आल्या. लहान मुली बुलबुल, मधल्या गाईड, मोठ्या रेंजर.

मला धरून ठेवलं ते स्ट्रेचरने. जमिनीवर सतरंजी अंथरायची. एक तृतीयांशावर पहिली लाठी ठेवून कड तिच्यावरून दुमडायची. मग दुहेरी झालेल्या भागावर, खांद्याएवढं अंतर सोडून, दुसरी लाठी. उरलेली सतरंजी तिच्यावरून परत आत. बस. गाठ नाही, पिन नाही, शिवण नाही. माणूस आडवा झाला की त्याच्याच वजनाने घडी आवळते. जितका जड, तितकी पक्की. गाईड कॅप्टन असलेल्या मॅडमचा नियम एकच: जिने घडी घातली, तिनेच आधी त्यात झोपायचं. त्यामुळे घडी घालताना कुणी हसत नाही. 'उचल' म्हटलं की चौघी एकदम उठतात. सपाटीवर रुग्णाचे पाय पुढे, डोकं मागे, म्हणजे मागच्या मुलींना त्याचा चेहरा दिसत राहतो. हे कारण आठवीतली पोरगी मला सांगत होती, आणि मी वहीत लिहून घेत होतो.

कोल्हापुरात हे शिक्षण हौसेचं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांवर गेलं, 2021 च्या जुलैत त्याच्याही वर. पाणी चढायला लागलं की सुतारवाड्यातली कुटुंबं हलवावी लागतात, पलीकडे चिखली-आंबेवाडी ही गावं रिकामी होतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला पुरात उतरवायचं नसतं, आणि उतरवूही नये. पण निवारा केंद्रात म्हातारीला जिन्यावरून वर नेणं, आलेल्या कपड्यांचे लहान-मोठे ढीग लावणं, रडणारी पोरं सांभाळणं, कापलेल्या हातावर सपाट गाठ मारून पट्टी बांधणं, ही कामं कुणीतरी करायचीच असतात. गोंधळात तिथे जिचे हात न सांगता चालतात तीच उपयोगी पडते. सेवा म्हणजे मला तरी एवढंच कळतं.

आता अडचण. हा सगळा डोलारा शाळेतल्या एकाच बाईवर उभा असतो. ती गणित किंवा मराठी शिकवते, निवडणुकीचं काम करते, पोषण आहाराच्या नोंदी ठेवते, सरकारी ॲप भरते आणि उरलेल्या वेळात पथक चालवते. तिची बदली झाली की लाठ्या कपाटामागे जातात. वरून गाईडच्या पुरस्कारांना दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालक आधी गुणांची चौकशी करतात. गुणांना माझा विरोध नाही. पण गुणांसाठी आलेली मुलगी नोंदवही पूर्ण करते आणि घडी अर्धवट शिकते, हे मैदानावर लगेच दिसतं. त्यात मुलगी वयात आली की शिबिराला रात्री राहायचं म्हटल्यावर घरून नकार येतो. म्हणजे संघनायक व्हायच्या वयातच ती गळते. जिल्हा संस्था प्रशिक्षणं घेते, मेळावे भरवते, पण बदली झालेल्या बाईच्या जागी दुसरी बाई ती कुठून आणणार?

गाईड कॅप्टन व्हायला शिक्षिकाच असावं लागतं असं नाही. शाळेबाहेरही पथक काढता येतं. त्यासाठी प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं लागतं. कोल्हापुरात शाळेत असताना गाईड होत्या अशा बायका घरोघरी सापडतील. त्यांतल्या कुणी हे वाचत असतील, तर पावसाळ्याआधी जवळच्या शाळेत जाऊन पथक चालू आहे का, एवढं तरी विचारावं.