बैलगाडीतून आलं, आभाळात गाजलं!

ज्या जपानी लढाऊ विमानाने चीनपासून पॅसिफिकपर्यंत धडकी भरवली, त्याचा पहिला नमुना 1939 साली धावपट्टीवर पोहोचला तो चक्क बैलगाडीतून! मित्सुबिशीचा कारखाना नागोयात, चाचणीचं मैदान सुमारे 48 किलोमीटरवर कागामिगाहाराला. रस्ते खडबडीत, म्हणून बैलांची संथ चालच बरी.

त्याचं नाव 'झिरो' का? ते सेवेत आलं ते 1940 हे जपानी शाही कालगणनेतलं 2600वं वर्ष, त्यातलं हे शेवटचं शून्य.

13 सप्टेंबर 1940 ला चीनच्या युद्धकालीन राजधानीवर, चोंगचिंगवर, 13 झिरो रशियन बनावटीच्या चिनी विमानांवर तुटून पडली. तेराच्या तेरा परतली!

किमया होती वजनात. जिरो होरिकोशी या अभियंत्याने ग्रॅम-ग्रॅम वाचवला. वैमानिकाच्या पाठीशी चिलखती पत्रा नाही, गोळी लागल्यावर भोक आपोआप बुजवणारी इंधनटाकी नाही. त्यामुळे विमान गर्रकन वळायचं, लांबवर जायचं आणि टाकीत गोळी शिरली की पेटायचं. वैमानिकाच्या जिवावर केलेली ही काटकसर मला तरी अक्षम्य वाटते.

गुपित फुटलं ते एका दलदलीत. 4 जून 1942 ला अलास्काच्या अकुतान बेटावर जपानी वैमानिक तादायोशी कोगाने बिघडलेलं झिरो दलदलीला हिरवळ समजून उतरवलं. चाकं रुतली, विमान उलटलं, कोगा जागीच गेला. तो जिवंत असेल या आशेने सोबत्यांनी विमान नष्ट केलं नाही. महिनाभराने ते अमेरिकनांना सापडलं. सप्टेंबरात सॅन दिएगोत दुरुस्त होऊन उडालं आणि मर्म कळलं: नाक झटकन खाली दाबलं की इंजिन गचके खातं, वेग वाढला की कूस बदलायला जड जातं.

चीनमध्ये अमेरिकन अधिकारी क्लेअर शेनॉल्टने आपल्या 'फ्लाइंग टायगर्स' या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांना हे मर्म कळण्याआधीच बजावलं होतं: वळणाच्या झटापटीत पडू नका, उंचावरून सूर मारा, गोळ्या झाडा, निसटा. त्यांचं खरं बळ मात्र जमिनीवर होतं. गावोगावची चिनी माणसं विमानांची चाहूल लागताच फोन नाहीतर रेडिओवरून खबर पुढे धाडत. शार्कचा जबडा रंगवलेल्या टायगर्सच्या विमानांइतकंच कौतुक या माणसांचं व्हायला हवं.

आणि कोलकाता? जपानी विमानं तिथवरही पोहोचली. तिथला रेड रोड युद्धकाळात धावपट्टी झाला. भर शहरातून हरिकेन लढाऊ विमानं उडायची. जानेवारी 1943 मध्ये एका रात्री सार्जंट प्रिंग या ब्रिटिश वैमानिकाने रडार बसवलेल्या ब्यूफायटर विमानातून अवघ्या काही मिनिटांत तीन जपानी बॉम्बर पाडली.