ज्योत पेटलेलीच बरी

चेंबूरमध्ये राहणाऱ्याला दोन गोष्टींची सवय होते. एक म्हणजे माहुलच्या बाजूला दिसणारी रिफायनरीची ज्योत, आणि दुसरी, वारा फिरला की येणारा देवनारच्या डम्पिंगचा वास. मी रिफायनरीत पॅनल ऑपरेटर होतो, म्हणून ज्योतीचा जाब सोसायटीत मलाच विचारतात. "काका, एवढा गॅस नुसता जाळून टाकता? त्यापेक्षा लोकांना द्या की!" प्रश्न रास्त आहे. डम्पिंगबद्दल मात्र सगळी तक्रार वासाची असते. वास नसलेला मिथेनही तिथून निघतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. ज्योतीत जळणाऱ्या वायूंमध्येही मिथेन असतो. फरक इतकाच, की इथला जळतो आणि तिथला निसटतो. हा फरक किती मोठा आहे ते कळायला क्रूडच्या, म्हणजे कच्च्या तेलाच्या, पोटात काय असतं तिथून सुरुवात करायला हवी.

क्रूडमध्ये शेकडो प्रकारचे रेणू असतात आणि त्यांतले पुष्कळसे अल्केन. दहावीच्या पुस्तकात यांना संपृक्त हायड्रोकार्बन म्हणतात. कार्बनचा अणू चार बंध करतो. कार्बनला कार्बन एकेरी बंधानं जोडत साखळी करायची आणि उरलेल्या प्रत्येक बंधावर हायड्रोजन बसवायचा, की झाला अल्केन. कार्बन जितके, त्याच्या दुपटीत दोन मिळवले की हायड्रोजनचा आकडा येतो. एकाला चार म्हणजे मिथेन, दोनाला सहा इथेन, तिनाला आठ प्रोपेन, चाराला दहा ब्युटेन, आठाला अठरा ऑक्टेन. कुठलीच जागा रिकामी नसल्यानं हे रेणू सहसा कुणाशी संयोग पावत नाहीत. ॲसिड घाला, अल्कली घाला, ढिम्म हलत नाहीत. ऑक्सिजन आणि ठिणगी मिळाली, की मात्र पेट घेतात.

रेणू कसा वागणार हे बरंचसं साखळीच्या लांबीवर ठरतं. तांदळाचे सुटे दाणे घरंगळून जातात आणि शिजलेल्या शेवयांचा गुंता होतो, तसंच हे. साखळी लांब झाली की रेणू एकमेकांना जास्त धरून ठेवतात आणि त्यांना सोडवायला जास्त उष्णता लागते. मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, पेंटेन ३६ ला आणि ऑक्टेन १२६ ला. रिफायनरीचा पहिला उंच टॉवर याच फरकावर चालतो. भट्टीत साधारण साडेतीनशे अंशांवर तापवलेलं क्रूड त्यात सोडायचं. टॉवर वर जावं तसा थंड होत जातो, त्यामुळे ज्याचा जिथं उत्कलनबिंदू, तिथल्या ट्रेवर तो द्रव होऊन साचतो. माथ्यावरून गॅस आणि नाफ्था, मधून रॉकेल, त्याखाली डिझेल, आणि तळाला डांबराच्या वाटेनं जाणारा काळा गाळ. बॉम्बे हायचं तेल १९७४ मध्ये सापडलं, ते मेणट जातीचं. त्यात लांब साखळ्या इतक्या, की तीसेक अंशांच्या खाली गेलं की पाइपातच गोठायला लागतं. मेणबत्तीचं मेणही याच साखळ्यांचं.

घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. नेहमीच्या तापमानाला थोडा दाब दिला, की दोघं द्रव होतात, म्हणून लाल टाकीत १४.२ किलो मावतात. मिथेन तसा बधत नाही. उणे ८२ अंशांच्या वर त्याला कितीही दाबा, तो द्रव होत नाही. म्हणूनच रिक्षाच्या सीएनजी टाकीत तो हवेच्या दोनशे पट दाबानं कोंबावा लागतो. गळतीतही फरक पडतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा मिथेन हवेहून हलका, तो छताकडे जातो. दोघांनाही स्वतःचा वास नाही, वास मुद्दाम मिसळलेला असतो. तो आला तर बटणाला हात न लावता खिडक्या-दारं उघडायची.

हा सिलिंडर संपतो तेव्हा चौदा किलो गॅसचं काय होतं? त्यातून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलोंच्या आसपास पाण्याची वाफ होते. वजन वाढतं, कारण ऑक्सिजन हवेतून येतो. हे ज्वलन पूर्ण झालं तर. बर्नरची छिद्रं तुंबली की ज्योत पिवळी पडते आणि भांड्याला काजळी धरते. म्हणजे हवा कमी पडतेय आणि कार्बन अर्धवट जळतोय. बंद बाथरूममधला गॅस गिझर याच कारणानं जीव घेतो. ऑक्सिजन अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि आत असलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पेट्रोलच्या बाबतीत लांबीइतकाच आकारही महत्त्वाचा. सात कार्बनची सरळ साखळी, म्हणजे हेप्टेन, इंजिनात दाब वाढला की ठिणगीची वाट न पाहता पेटते आणि इंजिन ठोकायला लागतं. त्याचा ऑक्टेन आकडा शून्य धरतात. आठच कार्बन, पण फांद्या फुटलेला आयसो-ऑक्टेन धीर धरतो, म्हणून त्याला १०० गुण. पूर्वी हा आकडा चढवायला पेट्रोलमध्ये शिसं घालत. शिसं मुलांच्या मेंदूला घातक, आणि ते धुराड्यातून थेट रस्त्यावर येई. भारतभर ते २००० साली बंद झालं. आता ते काम आयसोम आणि रिफॉर्मर ही युनिट्स करतात. आयसोम सरळ साखळ्यांना फांद्या फोडतं आणि रिफॉर्मर साखळ्यांची कडी बनवतो. तरी एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. त्यातून सुटका नाही.

मग मिथेन चांगला का? जळताना, हो. त्यात कार्बनच्या मानानं हायड्रोजन सर्वांत जास्त, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेला तो पेट्रोलपेक्षा पाचव्या हिश्श्यानं कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि कोळशाच्या जवळपास निम्माच. पण न जळता हवेत गेला, तर हिशेब उलटतो. किलोला किलो धरलं, तर वीस वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो आणि शंभर वर्षांच्या मुदतीत सुमारे २८ पट. एक किलो मिथेन जाळला तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोच किलो निसटला तर वीस वर्षांच्या हिशेबात जवळजवळ तीस किलो जाळल्याइतकं नुकसान. विहिरीपासून बर्नरपर्यंतच्या वाटेत गळती झाली, तर स्वच्छ इंधनाचा फायदा झपाट्यानं आटतो.

आता ज्योतीचं उत्तर. युनिटमध्ये दाब अचानक वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस फ्लेअरच्या, म्हणजे या ज्योतीच्या, लायनीत येतो. तो केव्हा येईल, किती येईल, त्यात काय असेल, याचा नेम नसतो. असा गॅस कुणाच्या शेगडीला देता येत नाही. रोजचा थोडाफार गॅस कॉम्प्रेसरनं ओढून भट्ट्यांना परत देतात आणि जो आवरत नाही तो जाळतात. फ्लेअरच्या माथ्याशी पायलट, म्हणजे गॅस पेटवणारी छोटी ज्योत, सतत पेटता असतो आणि धूर होऊ नये म्हणून वाफ सोडतात. ज्योत मोठी झाली की रहिवाशांना धास्ती वाटते. आम्हाला मात्र घाम फुटायचा तो पायलट विझल्याचा अलार्म वाजला की. कार्बन डायऑक्साइडची भर ज्योतही घालते. पण ती नसती, तर तोच गॅस शहरावर कच्चा पसरला असता.

देवनारच्या डोंगराला असा पायलट नाही. १९२७ पासून तिथं कचरा पडतोय. ओला कचरा दाबला गेला, हवा संपली, की जिवाणू त्याचा मिथेन करतात. जानेवारी २०१६ मध्ये हे डम्पिंग पेटलं तेव्हा धूर उपग्रहांनाही दिसला आणि चार दिवस आरडाओरडा झाला. एरवी गॅस शांतपणे निघत असतो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

गंमत म्हणजे उपायही शेजारीच आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हा बायोगॅस प्रकल्प विकसित केला. उरलेलं अन्न आणि भाज्यांची देठं दळून आधी हवेत, मग हवेविना कुजवायची, की गॅसही मिळतो आणि खतही. गावाकडच्या गोबर गॅसचं शास्त्र हेच. या गॅसमधला कार्बन काल-परवापर्यंत हवेतच होता, पिकानं तो शोषला होता. तो जाळून हवेत नवी भर पडत नाही. बॉम्बे हायचा कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता, तो आपण वर काढतो.

कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतकं हवेत राहतो. मिथेनचा मुक्काम साधारण बारा वर्षांचा. म्हणजे आज गळती रोखली तर फरक ह्याच पिढीला दिसेल. त्यासाठी व्हॉल्व्हची पॅकिंग वेळेवर बदलणं आणि ओली बादली वेगळी ठेवणं, अशी किरकोळ वाटणारी कामं करावी लागतात. पॅनलवर शिकलेला क्रम मी सगळ्यांना सांगतो. आधी निसटू देऊ नका. निसटणारच असेल तर जाळा. आणि जाळणारच असाल, तर त्यावर काहीतरी शिजवा.