पाण्याचे शब्द आणि घरची आजी

उत्तर अमेरिकेंतील अनिशिनाबे नांवाच्या मूळच्या लोकांत पाणी राखणें हा स्त्रियांचा धर्म मानितात. त्यांच्यांतील जोसेफीन मँडामिन या आजीबाईंनीं २००३ सालीं पाण्यानें भरलेलें तांब्याचें भांडें घेऊन सुपीरियर सरोवरास पायीं प्रदक्षिणा घातली; पुढें इतर महासरोवरांसहि घातली. २०१९ सालीं त्या वारल्या. अशा यात्रांत पाण्याचीं गाणीं स्वभाषेंत म्हणतात, त्यामुळें बरोबरच्या मुलांच्या कानीं भाषाहि पडते.

ही हकीकत वाचून आम्हांस पांझरेकांठचे फड आठवले. धुळें जिल्ह्यांत बंधारा घालून पाटानें पाणी घेण्याची ही पद्धत कित्येक शतकांची आहे. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार फड पाडीत. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें व सालोसाल पाळी बदलावयाची. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडांत असे. म्हणून नदीचें पाणी कमी पडून एखादा फड पडीत राहिला, तरी तोटा सर्वांस वांटून जाई. पाणी सोडणारा पाटकरी व राखण करणारा जागल्या यांस मोबदला पिकांतून मिळे.

हे सारे नियम लोकांच्या तोंडीं होते. ‘फड’ म्हटलें कीं एक पीक, एक पाळी हा करार त्या शब्दांत आलाच. पुढें विहिरी व विजेचे पंप वाढले, नदीच्या वरच्या अंगास धरणें झालीं, आणि पुष्कळ ठिकाणीं फड मोडले. ज्या मुलास पाटकरी हा शब्द ठाऊक नाहीं, त्यास पाणी वांटून घेण्याची रीत तरी कशी सुचावी?

शाळेंत ग्रांथिक मराठी शिकवितात हें योग्यच आहे. परंतु त्यापायीं घरच्या अहिराणीची लाज वाटूं लागावी, हें आम्हांस मान्य नाहीं. जळगांवाजवळील आसोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतांत व जात्यावर त्यांस सुचलेलीं गाणीं घरच्या मंडळींनीं लिहून ठेविलीं, म्हणूनच त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें निघालीं. लिहिणारा घरांत नसता, तर हें धन त्यांच्याबरोबरच गेलें असतें.

आमची विनंति इतकीच आहे. येत्या हंगामांत आपल्या आजीस पाटावर किंवा विहिरीवर न्यावें. पाण्याचे, वाफ्यांचे, पाळीचे जे शब्द ती सांगेल, ते नातवंडांनीं वहींत उतरून घ्यावे. त्यास खर्च नाहीं. मात्र विलंब करूं नये.