दुखत नसताना सोनोग्राफी कशाला? यकृत आणि पित्तमार्गाच्या कर्करोगाचे लवकर निदान

"डॉक्टर, बाबांना काही दुखत नाही, जेवण व्यवस्थित आहे. मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कशाला? दर वेळी कामाचा एक दिवस बुडतो." केडगावहून वडिलांना घेऊन आलेल्या मुलाने विचारले. वडिलांना अनेक वर्षांपासून हिपॅटायटिस बी आहे आणि यकृत आक्रसून कडक होण्याचा आजार, म्हणजे सिरॉसिस, गेल्या वर्षी लक्षात आला.

प्रश्न रास्त आहे. यकृताच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाही, वरच्या आवरणाला जाणवते. गाठ वाढून त्या आवरणावर ताण येईपर्यंत रुग्णाला काहीच कळत नाही. वजन घटणे, पोटात पाणी होणे, कावीळ ही लक्षणे दिसतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. याउलट दोन-तीन सेंटिमीटरची गाठ सापडली, तर ती शस्त्रक्रियेने काढता येते किंवा बारीक सुई घालून उष्णतेने जाळता येते. काही रुग्णांत यकृत प्रत्यारोपणही करता येते.

तपासणीने खरोखर फरक पडतो का?

याचा मोठा अभ्यास चीनमधील शांघाय शहरात १९९० च्या दशकात झाला. हिपॅटायटिस बी असलेल्या किंवा यकृताचा जुना आजार होऊन गेलेल्या सुमारे १८,८०० लोकांचे दोन गट केले. एका गटाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि 'अल्फा फीटोप्रोटीन' (एएफपी) ही रक्ततपासणी केली. दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. तपासणीच्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. या अभ्यासाच्या पद्धतीवर तज्ज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत. मला मात्र त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते : ठरलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम ५८ टक्केच पार पडल्या. दिवस बुडतो ही अडचण तिथेही असणारच.

मग वर्षातून चार वेळा तपासले तर अधिक चांगले? फ्रान्समध्ये सिरॉसिसच्या सुमारे १,३०० रुग्णांवर हेच पाहिले गेले. तीन महिन्यांनी तपासून सहा महिन्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. म्हणून सहा महिने.

सोनोग्राफीलाही मर्यादा आहेत. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर असे दिसले की सिरॉसिसच्या रुग्णांत नुसत्या सोनोग्राफीने सुरुवातीच्या टप्प्यातले साधारण ४५ टक्केच कर्करोग सापडतात. सोबत एएफपी केली तर ६३ टक्के. लठ्ठ व्यक्तींमध्ये चित्र अस्पष्ट येते, तिथे सीटी किंवा एमआरआय लागू शकतो. यापेक्षा नेमकी रक्ततपासणी शोधण्याचे काम जगभर चालू आहे.

ही तपासणी सर्वांसाठी नाही. ती सिरॉसिस असलेल्यांसाठी आहे, मग त्याचे कारण दारू असो, विषाणू असो की मधुमेह-लठ्ठपणातून आलेले फॅटी लिव्हर. हिपॅटायटिस बी असेल तर सिरॉसिस नसतानाही चाळिशीनंतर पुरुषांनी आणि पन्नाशीनंतर स्त्रियांनी ती करावी. घरात कोणाला यकृताचा कर्करोग झाला असेल तर त्याआधीच. निरोगी माणसाने 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये एएफपी करून घेतल्याने हाती काळजीच लागते.

पित्तमार्गाचे काय?

पित्तनलिकेच्या कर्करोगासाठी आपल्याकडे अशी नियमित तपासणी नाही. थायलंडच्या ईशान्य भागात हा आजार फार आढळतो, कारण तिथे कच्चे गोडे मासे खाण्यातून यकृतात कृमी शिरतात. आपल्या जेवणात तो धोका नाही. पित्ताशयाचा कर्करोग भारतात जास्त दिसतो तो गंगेच्या खोऱ्यात. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधील संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसोबत केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक हजाराहून अधिक भारतीय रुग्णांची जनुके तपासली गेली. पित्ताच्या वहनाशी संबंधित दोन जनुकांजवळचे बदल या आजाराशी जोडलेले आढळले. धोका कोणाला जास्त, हे ओळखण्याच्या दिशेने ते एक पाऊल आहे. रुग्णाने करून घ्यावी अशी चाचणी त्यातून अजून आलेली नाही.

तोवर लक्षण ओळखणे आपल्या हातात आहे. न दुखता वाढत जाणारी कावीळ, अंगभर खाज, पांढरट शौच आणि गडद लघवी असेल तर पित्ताचा मार्ग कुठेतरी अडला आहे, असे समजून त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. आपल्याकडे आधी काविळीची माळ घातली जाते, नाहीतर नाकात झाडपाल्याचे थेंब टाकले जातात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळते. अडथळ्याची कावीळ माळेने उतरत नाही. गाठ काढता येण्याचे दिवस मात्र त्यात निघून जातात.

टाळता येते का?

यकृताचा कर्करोग बऱ्याच अंशी टाळता येतो. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांच्या आत तिथल्या ६ ते १४ वयोगटातील मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. लसीने कर्करोग टळतो याचा इतका स्पष्ट पुरावा त्याआधी नव्हता.

भारतात ही लस २०११ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे : पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत, पुढचे पेंटाव्हॅलंट लसीतून ६, १० आणि १४ व्या आठवड्यात. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मतःच इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना लस मिळालेलीच नाही. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण गोळ्यांनी तो बहुतेकांत साधारण तीन महिन्यांत बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्ही आजारांची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

दारू सोडणे आणि साखर, वजन आटोक्यात ठेवणे हे आलेच. शेंगदाणे किंवा मका बुरशीचा असेल तर फेकून द्या. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृताला कर्करोगाकडे नेते आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही.

हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. त्यामुळे रुग्णाचा जोडीदार, मुले आणि भावंडे यांनी एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी करून, संसर्ग नसेल आणि आधी लस घेतलेली नसेल तर ती घ्यावी.

केडगावच्या त्या मुलाला मी एवढेच विचारले, "तुमची तपासणी झाली आहे का?" झाली नव्हती. त्याच्या बहिणीचीही नव्हती. वडिलांच्या सोनोग्राफीची पुढची तारीख लिहून दिली आणि मुलाचे रक्त त्याच दिवशी तपासायला पाठवले.