वस्तू बोलतात, पण त्यांना विचारावे लागते



मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. तेथील संग्रहालयात आपल्या दहावीच्या मुलामुलींनी नुकतीच इतिहासाच्या दोन प्राध्यापकांबरोबर एक संध्याकाळ घालवली. प्राध्यापकांनी भाषण केले नाही. प्रत्येक वस्तूपुढे चार प्रश्न विचारायला शिकवले. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी ते येथे देत आहोत.

पहिला प्रश्न : ही वस्तू अशीच का? रेजिमेंटच्या बिल्ल्यावर बिगूल आहे. लाइट इन्फंट्रीचे शिपाई दाटीने न चालता पांगून, चपळाईने लढत. दूर पांगलेल्यांना हुकूम ऐकू जावा म्हणून बिगूल. हा मानही कमावलेला आहे. १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहान येथे मुंबईच्या पाचव्या पलटणीने, म्हणजे 'काळी पाचवी'ने, वेढ्यात अनेक महिने किल्ला राखला. म्हणून १८४१ मध्ये तिला 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला.

दुसरा प्रश्न : ही कोणाची? व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश अमदानीतील शौर्याचे सर्वोच्च पदक. समोरून सगळी सारखीच दिसतात. मागे मात्र पराक्रमाची तारीख आणि वरच्या पट्टीच्या मागे वीराचे नाव कोरलेले असते. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांची तारीख १० जुलै १९४४. इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकी सर्व जण ठार किंवा जखमी झाले. तरीही त्यांनी एकट्याने मशीनगनचा मोर्चा जिंकला आणि तेथेच ते धारातीर्थी पडले. वय अवघे २२.

तिसरा प्रश्न : हे कोणी लिहिले? घाडगे यांचा पराक्रम आपल्याला कळतो तो सरकारी राजपत्रातील मजकुरावरून. तो मजकूर पदक का दिले ते सांगतो. माणगावच्या या तरुणाला घरची आठवण येत होती का, हे तो सांगत नाही. सैनिकांची पत्रेही तपासनिसाच्या नजरेखालून जात. म्हणून एकाच कागदावर विसंबू नये.

चौथा आणि सर्वांत अवघड प्रश्न : येथे काय दिसत नाही? विजयाला पदक मिळते, पराभवाला नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुत येथे तुर्कांनी वेढलेल्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. जवळजवळ पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांना शरण जावे लागले. त्यांतील हजारो जण कैदेतच मेले. ज्या साम्राज्यासाठी ते लढले, ते त्यांचे स्वतःचे राज्यही नव्हते. त्यांचे शौर्य खरे आणि ही गोष्टही खरी. दोन्ही एकत्र सांगतो तोच इतिहास.

आता आपले काम. आपल्या भागातील कित्येक घरांत लष्करात गेलेल्या आजोबा-पणजोबांची ट्रंक असते. तिच्यातील फोटो, पेन्शनचे कागद, पदके टाकून देऊ नका. आजीला विचारून नाव, गाव, पलटण आणि साल वहीत लिहून ठेवा. फोटोच्या मागे पेनाने नव्हे, पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे विचारता येते.