अंधारात बघणारी दुर्बीण

कवीला अंधारावर बोलायला सांगितलं की तो हमखास चांदण्यांकडे वळतो. आज मी तसं करणार नाही. आज बोलायचं आहे ते शिकाऱ्याच्या बंदुकीवर बसणाऱ्या एका दुर्बिणीबद्दल. मी शिकारी नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ची त्यातली दुरुस्ती, यांनी आपल्या देशात हौसेची शिकार बंदच करून टाकली. मी विज्ञानाचा पदवीधरही नाही, साधा बी.ए. झालेला माणूस. पण ही दुर्बीण काय दाखवते आणि काय दाखवत नाही, हे कळायला पदवी लागत नाही.

आधी जुनी गोष्ट. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेटने मे १९२६मध्ये मारला, तो रात्रीच. आंब्याच्या झाडावर मचाण, खाली गळ्यात घंटा बांधलेली शेळी आणि रायफलवर विजेची बत्ती. घंटा जोरात वाजली, कॉर्बेटने बटण दाबलं, उजेडात बिबट्याचा खांदा दिसला, त्याने चाप ओढला आणि त्याच क्षणी बत्ती विझली. सव्वाशे माणसं खाणाऱ्या जनावराचा शेवट त्या क्षणभराच्या उजेडावर अवलंबून होता. पण तेवढ्या वेळात कॉर्बेटला बिबट्या ‘दिसला’ होता, हे ध्यानात ठेवा.

आता रात्री बघायची साधनं दोन प्रकारची आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. पहिलं नाईट व्हिजन. चांदण्याचा, नक्षत्रांचा जो काही अंधूक प्रकाश असतो, तो हे यंत्र गोळा करतं, त्याचं विजेच्या कणांत रूपांतर करतं, ते कण हजारो पटींनी वाढवतं आणि एका चकाकत्या पडद्यावर आदळवतं. चित्रपटात दिसणारं ते हिरवं चित्र याच यंत्राचं. हिरवं अशासाठी, की आपल्या डोळ्याला हिरव्या रंगाच्या छटा सगळ्यात चांगल्या उमगतात. मिट्ट काळोखी गुहा असेल तर मात्र या यंत्राचं काही चालत नाही. वाढवायला मुळात थोडा तरी प्रकाश हवा ना!

दुसरा प्रकार थर्मल कॅमेऱ्याचा, आणि तो खरा नवलाचा. त्याला प्रकाशाशी कर्तव्य नाही, तो ऊब बघतो. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्याचे सात रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. तेच अवरक्त किरण. तुम्ही, मी, गाय, ससा, सगळे ते अहोरात्र बाहेर टाकत असतो. थर्मल कॅमेऱ्याच्या पडद्यामागे हजारो इवले तापमापक दाटीने बसवलेले असतात. अंशाच्या विसाव्या भागाइतका फरकही त्यांना जाणवतो. गंमत म्हणजे याची भिंग काचेची नसतात, जर्मेनियम नावाच्या धातूसारख्या पदार्थाची असतात. आपल्या खिडकीची काच या किरणांना भिंतीसारखी आडवी येते. रात्रीच्या गार रानात उबदार अंगाचं जनावर पडद्यावर पांढरंशुभ्र उमटतं, मग ते झुडपाआड अर्धं लपलेलं का असेना.

ही यंत्रं मूळची युद्धासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन आणि अमेरिकन सैनिकांच्या बंदुकांवर त्यांची प्राथमिक रूपं आली. पुढे किमती उतरत गेल्या आणि ती शिकाऱ्यांच्या दुकानात पोचली. आज त्यांचा सगळ्यात मोठा वापर रानडुकरांवर होतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ही डुकरं वीस लाखांहून जास्त आहेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेलेल्या पाळीव डुकरांचाही त्यात वंश आहे. ती रात्रीत शेतं उखडून टाकतात. तिथे २०१९पासून जमीनमालकाची परवानगी असली की डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. जर्मनीनेही २०२०मध्ये शस्त्रकायदा बदलून शिकाऱ्यांना बंदुकीवरच्या रात्रीच्या उपकरणांची वाट मोकळी केली. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलंडच्या सीमेलगत एका मेलेल्या रानडुकरात आफ्रिकन स्वाइन फीवर सापडला आणि डुकरांची संख्या उतरवण्याची निकड आणखी वाढली.

हरणाची गोष्ट निराळी. १८८७मध्ये थिओडोर रुझवेल्टने काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवतो. थर्मल किंवा नाईट व्हिजन लावून मारलेलं जनावर तो नोंदवहीत घेत नाही. जनावराला निसटायची संधी असली पाहिजे, असा त्यांचा दंडक. मला तो पटतो. रात्र हा जनावराचा वाटा होता आणि या दुर्बिणीने तो काढून घेतला. पण पीक वाचवायला निघालेल्या शेतकऱ्याला हा दंडक ऐकवण्यात अर्थ नाही, हेही खरं.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘दीड किलोमीटरवरचं दिसतं.’ दिसतं म्हणजे काय? १९५८ साली जॉन्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाने सैन्यासाठी याचं गणित मांडलं. तिथे ‘काहीतरी आहे’ हे कळणं ही पहिली पायरी, ते कोणत्या जातीचं आहे हे कळणं ही पुढची, आणि नेमकं कोण हे ओळखणं ही शेवटची. पहिल्या पायरीला जेवढा तपशील लागतो, त्याच्या सहापटीहून जास्त शेवटच्या पायरीला लागतो. म्हणजे दीड किलोमीटरचा दावा असेल, तर खात्रीने ओळखायचं अंतर अडीचशे मीटरच्याही आत येतं. जाहिरातीतला आकडा पहिल्या पायरीचा असतो. त्या अंतरावर दिसतो तो फक्त एक पांढरा ठिपका. त्यात पाऊस आला, धुकं आलं, की तोही फिकटतो.

कोकणात आमच्या गावी माझा चुलतभाऊ भात पोटरीला आलं की रात्री राखणीला जातो. डुक्कर आम्हाला निषिद्ध, म्हणून ते आमचा बांध टाळून पलीकडे जातं असं काही नाही, असं तो हसत म्हणतो. पत्र्याचा डबा बडवायचा, हाळी द्यायची, बॅटरी मारायची, ही त्याची हत्यारं. पहाटे थंडी वाजली की घोंगडी डोक्यावरून ओढून बांधावर उकिडवा बसतो. आता थर्मल दुर्बिणीतून लांबून बघा. घोंगडीने अंगाची ऊब झाकलेली, हातपाय पोटाशी. माणसाचा आकारच उरत नाही. एक बुटका, कोमट गोळा दिसणार. शेजारी दिवसभर तापलेला जांभ्याचा कातळ, तोही तसाच कोमट.

आपल्याकडे पिकाची नासधूस करणारं रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती मिळतेही. उद्या अशा परवान्याबरोबर ही दुर्बीण मागितली गेली, तर माझं म्हणणं एवढंच, की ती हातात धरायची असावी, बंदुकीवर बसवलेली नसावी. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून रान न्याहाळायचं म्हणजे ओळख पटण्याआधीच नळी रोखायची. परदेशातले जाणते शिकारीही आधी हातातल्या यंत्राने बघतात, ओळख पटली तरच बंदूक उचलतात. शेतकऱ्याला तर डुक्कर आलंय एवढं कळलं तरी डबा वाजवायला पुरे.

केनियातल्या मासाई मारा अभयारण्यात २०१६मध्ये हीच दृष्टी वनरक्षकांच्या हाती आली. चोरटे शिकारी रात्रीच्या आडोशाने येत. थर्मल कॅमेरा लावलेली गस्तीची गाडी लांबूनच त्यांची ऊब टिपू लागली आणि काही महिन्यांत दोन डझनांहून जास्त माणसं पकडली गेली. तिथेही पडद्यावर चेहरा दिसत नाही. ठिपका दिसला की वनरक्षकांना तिकडे पाठवतात आणि ते जवळ जाऊन कोण आहे ते बघतात.