कार्यस्थळावरील हिंसा आणि चौकशीच्या मर्यादा : महाराष्ट्र सदनातील एक प्रसंग

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरील महाराष्ट्र सदन मराठी अभ्यागतांना दीर्घकाळ परिचित आहे. जून २०१३ मध्ये कस्तुरबा गांधी मार्गावर नव्या सदनाचे उद्घाटन झाले. तेथील भोजनव्यवस्था भारतीय रेल्वे खानपान आणि पर्यटन महामंडळाकडे होती. १७ जुलै २०१४ रोजी भोजनाच्या दर्जावरून संतप्त झालेल्या शिवसेनेच्या खासदारांपैकी एकाने महामंडळाच्या कर्मचाऱ्याच्या तोंडात पोळी कोंबण्याचा प्रयत्न केला. ते रमजानचे दिवस होते आणि त्या कर्मचाऱ्याचा रोजा होता. कार्यस्थळावरील हिंसेस मोठ्या आस्थापना कसे तोंड देतात, याचा विचार या प्रसंगाच्या आधारे करता येतो.

आस्थापनांतर्गत चौकशीची रीत १९४६च्या स्थायी आदेशविषयक कायद्याने रूढ केली. दंगामस्ती वा बेशिस्त वर्तन हे गैरवर्तन मानून आरोपपत्र देणे, आवश्यक तर निर्वाहभत्त्यासह निलंबित करणे, साक्षीपुरावे तपासणे, बचावाची संधी देणे आणि मग शिक्षा ठरविणे, असा तिचा क्रम होय. परंतु आरोपी आपला सेवक आहे, हे या सर्व रचनेचे गृहीतक आहे. आरोपी बाहेरचा, त्यातही अधिकारसंपन्न पाहुणा असेल, तर आरोपपत्र कोणाच्या हाती द्यावयाचे?

महामंडळापुढे हाच पेच होता. त्याने सदनातील सेवा तत्काळ थांबविली आणि निवासी आयुक्तांकडे लेखी तक्रार केली. निवासी आयुक्तांनी दिलगिरी व्यक्त केली. हे प्रकरण प्रसिद्ध होताच २३ जुलै रोजी संसदेत गदारोळ झाला. कर्मचाऱ्याच्या धर्माची कल्पना नव्हती, असे सांगून संबंधित खासदारांनी खेद व्यक्त केला. मात्र आघात धर्मभावनेवर झाला तसाच सेवकाच्या देहावर आणि प्रतिष्ठेवरही झाला होता. रोजा नसता तरी तो आघातच ठरला असता.

कायद्याला ही उणीव अगदीच अपरिचित नाही. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यातील कलम १९ कार्यस्थळी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही संरक्षण देण्याचे कर्तव्य मालकावर सोपविते. हेच तत्त्व इतर हिंसेसही लागू व्हावयास हवे. पाहुण्याने हात उगारल्यास तक्रार कोणी घ्यावी आणि सेवा कोणी थांबवावी, हे सेवाकरारातच आधी लिहिलेले असले, तर वाढप्याला वृत्तपत्रातील बातमीची वाट पाहावी लागणार नाही.